पेलोपोनेशियन युद्ध टेबलावर मांडताना

प्रश्न : माझा मुलगा आणि त्याचे मित्र रंगवलेल्या इवल्या सैनिकांनी टेबलावर प्राचीन लढाया खेळतात. सध्या त्यांनी अथेन्स आणि स्पार्टा यांच्या युद्धावर एक पुरवणी लिहायला घेतली आहे. नियमांचं जाडजूड पुस्तक घरात असताना पुरवणीत आणखी लिहायचं काय उरतं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ज्यासाठी हा खेळ खेळावासा वाटतो ते जवळजवळ सगळं उरतं.

'हेल सीझर' हे २०११ सालचं नियमपुस्तक घ्या. रथांच्या काळापासून मध्ययुगापर्यंतच्या लढाया एकाच नियमांनी खेळता याव्यात, अशी त्याची रचना आहे. हुकूम देताना सेनापतीची कुवत पाहून दोन फासे टाकायचे, तुकडी किती सरकली ते मोजायचं, तिने किती मार खाल्ला आणि ती कधी मोडली ते ठरवायचं. हे सगळं त्यात नीट सांगितलेलं असतं. पण ग्रीसमधलं सगळ्यात दबदब्याचं पायदळ हाताशी असलेला स्पार्टाचा राजा अथेन्सच्या शिवारात येतो, उभी पिकं जाळतो, तटबंदीकडे पाहतो आणि काही आठवड्यांत घरी परततो, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येतो, हे असं का, ते मूळ पुस्तक सांगू शकत नाही. ते पुरवणीने सांगायचं असतं.

पुरवणीत सैन्यांच्या याद्या असतात, त्या काळापुरते खास नियम असतात, लढायांचे प्रसंग असतात आणि ते प्रसंग एकमेकांना जोडणारी मोहीम असते. या सगळ्याच्या आधी लिहिणाऱ्याने एक गोष्ट स्वतःशी ठरवायला हवी : या युद्धात कोणती बाजू काय गमवायला घाबरत होती? इ.स.पू. ४३१ ते ४०४ अशी सत्तावीस वर्षं हे युद्ध चाललं. मधल्या तहाची वर्षंसुद्धा युद्धातच धरावीत, असं या युद्धाचा इतिहासकार थ्युसिडिडीज म्हणतो. एवढ्या काळात ढाल-भाला घेतलेलं जड पायदळ, म्हणजे होप्लाइट, हजारोंच्या संख्येने मोकळ्या मैदानात समोरासमोर भिडल्याच्या खऱ्या मोठ्या लढाया दोनच, डेलियम आणि मँटिनिया. बाकी सगळा वेढे, छापे, आरमारी झुंजी, बंडं आणि फितुरी यांचा इतिहास आहे.

स्पार्टाला भीती माणसांची होती. पूर्ण नागरिकत्व असलेले स्पार्टन मुळातच मोजके, आणि त्यांची शेती ज्यांच्या कष्टावर चाले ते हेलॉट नावाचे दास त्यांच्याहून कितीतरी अधिक. एक स्पार्टन पडला की त्याची जागा भरायला दुसरा मिळत नसे. अथेन्सला भीती पैशांची आणि जहाजांची होती. युद्धाच्या तोंडावर अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याने नागरिकांना जो हिशेब दिला, तो थ्युसिडिडीजने नोंदवला आहे : तिजोरीत ६,००० टॅलंट, मांडलिक मित्रांकडून दरवर्षी सुमारे ६०० टॅलंट, ३०० ट्रायरीम जहाजं आणि १३,००० होप्लाइट. एका ट्रायरीमवर २०० माणसं. दर माणशी रोज एक ड्राक्मा धरला तर महिन्याला ६,००० ड्राक्मा, म्हणजे नेमका एक टॅलंट. मोहिमेचा नियम लिहिणाऱ्यासाठी यापेक्षा सोपं कोष्टक नाही : एक जहाज, एक महिना, एक टॅलंट. वर्षभराच्या खंडणीतून ७५ जहाजं आठ महिने समुद्रावर ठेवता येतील. आणि पोटिडिया या एकाच शहराच्या वेढ्यापायी अथेन्सचे २,००० टॅलंट गेले! हा खर्च खेळाडूच्या वहीत दिसायलाच हवा. तो दिसला की अथेन्स चालवणारा खेळाडू आपोआप पेरिक्लीससारखा विचार करू लागतो, त्याला इतिहास शिकवावा लागत नाही.

म्हणून दोन्ही बाजूंना हजार-हजार गुण देऊन, टेबलाच्या दोन कडांना सैन्यं मांडून 'करा लढाई' म्हणणारी पुरवणी मला मान्य नाही. तसा डाव रंगतोही, पण तो या युद्धाचा डाव नसतो.

प्रश्न : अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लढाईत किती माणसं होती, हे यादी करणारे कशावरून ठरवतात? अंदाजपंचे?
– एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : अंदाज असतो, पण त्याला पाया असतो. इ.स.पू. ४१८ च्या मँटिनियाच्या लढाईचं उदाहरण पाहू. थ्युसिडिडीज स्पष्टच सांगतो, की स्पार्टन लोक आपला कारभार गुप्त ठेवतात, त्यामुळे त्यांचा आकडा कळायला मार्ग नव्हता. आणि इतर लोक आपापला आकडा फुगवून सांगत, म्हणून त्यावरही त्याचा विश्वास नव्हता. मग तो रचनेवरून हिशेब मांडतो. स्किरिटाय नावाच्या ६०० सैनिकांना वगळून सात तुकड्या होत्या. प्रत्येकीत चार उपतुकड्या, प्रत्येक उपतुकडीत चार गट, आणि प्रत्येक गटाच्या पहिल्या रांगेत चार माणसं. म्हणजे पुढच्या रांगेत ४४८ माणसं. खोली सर्वत्र सारखी नव्हती, पण साधारण आठ. गुणाकार केला की ३,५८४ येतात; त्यात ६०० मिळवायचे.

काही अभ्यासकांना हा आकडा फार कमी वाटतो. स्पार्टाच्या सैन्यरचनेतला एक स्तर थ्युसिडिडीजच्या हिशेबातून निसटला असावा आणि खरी संख्या दुपटीच्या आसपास असावी, असं त्यांचं म्हणणं आहे. पुरवणी लिहिणाऱ्याने अशा वेळी दोन्ही आकडे द्यावेत आणि आपण कोणता धरला आहे व का, हे दोन ओळींत सांगावं. खेळाडूंना मतभेद कळलेले चालतात. उलट त्यांना ते आवडतं, कारण दुसरा आकडा धरून तोच डाव पुन्हा खेळता येतो.

टेबलासाठी मात्र एकूण माणसांपेक्षा आघाडीची लांबी जास्त कामाची. होप्लाइटची गोल ढाल सुमारे ९० सेंटिमीटर व्यासाची. माणशी साधारण तेवढीच जागा धरली तर ४४८ माणसांची आघाडी ४०० मीटर भरते. आता टेबलावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे किती मीटर, हे एकदा ठरलं की किती तुकड्या मांडायच्या याचं उत्तर निघतं. आधी मोजपट्टी, मग सैनिक. नवखे लिहिणारे नेमके याच्या उलट जातात. कपाटात किती सैनिक रंगवून तयार आहेत, यावरून सैन्य ठरवतात आणि मग नकाशा त्या सैन्याला तोकडा पडतो.

प्रश्न : सगळे होप्लाइट सारखेच ढाल-भालावाले. मग टेबलावर दोन सारख्या भिंती एकमेकींवर ढकलण्यात मजा काय?
– एक महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे

उत्तर : भिंती सारख्या दिसतात, वागत मात्र नाहीत. मँटिनियाच्याच वर्णनात थ्युसिडिडीजने एक बारीक निरीक्षण नोंदवलं आहे. ढाल डाव्या हातात असते, त्यामुळे प्रत्येकाची उजवी बाजू उघडी पडते, आणि प्रत्येक जण आपल्या उजवीकडच्या माणसाच्या ढालीआड अंग चोरतो. परिणामी चाल करणारं प्रत्येक सैन्य उजवीकडे सरकत जातं. दोन्ही सैन्यं आपापल्या उजवीकडे सरकली, की दोघांचीही उजवी बाजू शत्रूच्या डाव्या बाजूच्या पलीकडे जाते.

हे एक वाक्य म्हणजे अख्खा नियम आहे. प्रत्येक फेरीत पुढे चाल केली की फळी ठरावीक अंतर उजवीकडे सरकवायची. सरकणं टाळायचं असेल तर सेनापतीने त्यासाठी हुकूम खर्चायचा आणि फासा टाकायचा. स्पार्टाचा राजा एजिस याने त्या दिवशी हेच केलं. आपल्या डाव्या बाजूला वळसा पडेल, या धास्तीने त्याने डावीकडच्या तुकड्या आणखी डावीकडे सरकवल्या, आणि मधलं खिंडार भरायला उजवीकडच्या दोन अधिकाऱ्यांना आपापल्या तुकड्या घेऊन यायला सांगितलं. ऐन चालीच्या वेळी आलेला तो हुकूम हिपोनॉइडास आणि अ‍ॅरिस्टोक्लीस या दोघांनी पाळला नाही. खिंडार उघडंच राहिलं, मँटिनियाचे लोक त्यातून आत घुसले आणि स्पार्टाची डावी बाजू मोडली. तरीही लढाई स्पार्टाने जिंकली, कारण मध्यभागी त्यांच्या समोरचे बहुतेक लोक भिडण्याआधीच पळाले. त्या दोन अधिकाऱ्यांवर पुढे भित्रेपणाचा ठपका येऊन त्यांना हद्दपार व्हावं लागलं.

ग्रीसमधल्या सगळ्यात शिस्तीच्या सैन्यातही हुकूम हवेत विरू शकतो, म्हणून फासा लागतो. आणि शत्रू भिडण्याआधीच पळू शकतो, म्हणून स्पार्टाचा दरारा हा वेगळा नियम लागतो. बासरीच्या तालावर संथ पावलं टाकत येणारी ती रांग पाहून समोरच्या तुकडीने आधी धैर्याची परीक्षा द्यायची, मग लढायचं. स्पार्टनांना मारामारीत जादा फासे देण्यापेक्षा ही परीक्षा मला अधिक खरी वाटते. त्यांचं बळ पुष्कळदा भाला लागण्याआधीच काम करून जाई.

डेलियमला, इ.स.पू. ४२४ मध्ये, थीब्जच्या लोकांनी २५ माणसं खोल रचना केली, समोर अथेन्सची आठ खोल. थीब्जच्या बाजूला चढावरून उतरण्याचाही फायदा होता. अथेन्सच्या उजव्या बाजूने समोरच्यांना घेरलं, पण वर्तुळ पुरं करताना आपलीच माणसं न ओळखून त्यांनी एकमेकांना मारलं. शेवटी टेकडीआडून अचानक आलेल्या घोडदळाला दुसरं सैन्यच समजून ती जिंकत आलेली बाजू बिथरली. अथेन्सचे जवळपास हजार होप्लाइट त्यांच्या सेनापतीसह पडले. लपवलेल्या घोडदळाचा हा प्रसंग खेळायला फार सुंदर आहे, फक्त दोन्ही खेळाडूंनी आधी इतिहास वाचलेला नसावा!

प्रश्न : पुरवणीतला पहिला प्रसंग कोणता घ्यावा?
– सांगलीच्याच वाचकांचा दुसरा प्रश्न

उत्तर : माझं उत्तर ठाम आहे : स्फॅक्टेरिया, इ.स.पू. ४२५.

पेलोपोनीजच्या नैर्ऋत्येला पायलॉसच्या उपसागराच्या तोंडाशी हे लांबट, अरुंद बेट आहे. अथेन्सचा सेनापती डेमोस्थेनीस (पुढच्या शतकातला प्रसिद्ध वक्ता वेगळा) याने पायलॉसच्या टोकावर घाईघाईने तटबंदी उभारली. ती उखडायला आलेल्या स्पार्टनांनी बेटावर चिठ्ठ्या टाकून निवडलेले ४२० होप्लाइट आणि त्यांचे हेलॉट उतरवले. इतक्यात अथेन्सचं आरमार आलं, स्पार्टाची जहाजं हरली आणि ते ४२० जण बेटावर अडकले. एवढ्यावरच स्पार्टाने तहाची बोलणी सुरू केली. चारशे माणसांसाठी! पहिल्या उत्तरातली स्पार्टाची भीती इथे उघड्यावर येते.

बोलणी फिसकटली. पहिल्या आरमारी झुंजीपासून बेटावरच्या लढाईपर्यंत एकूण ७२ दिवस वेढा चालला, त्यातले सुमारे २० दिवस तहाचे. त्या २० दिवसांत बेटावर ठरल्याप्रमाणे शिधा पोचत होता. एरवी तो चोरून जाई. शिधा पोचवणाऱ्या हेलॉटाला स्पार्टाने स्वातंत्र्य देऊ केलं होतं. कोणी वाऱ्याच्या रात्री होड्या खडकांवर घालत, कोणी पाण्याखालून पोहत दोरीने कातडी पिशव्या ओढत नेत. त्यात मधात कालवलेली खसखस आणि कुटलेली जवस असे. मोहिमेच्या नियमांत याची जागा ठरलेली आहे : दर आठवड्याला किती शिधा आत गेला, त्यावर बेटावरच्या तुकड्यांचा दम. आणि अथेन्सच्या खेळाडूपुढे हिवाळा. समुद्र खवळला की वेढा उठणार, हे डोक्यावर टांगलेलं. अथेन्समध्ये क्लिऑन या पुढाऱ्याने वीस दिवसांत काम फत्ते करून दाखवतो अशी जाहीर बढाई मारली, ती घड्याळ म्हणून वापरता येते.

बेटावर दाट झाडी होती, आणि डेमोस्थेनीस झाडीला बिचकत होता. आदल्याच वर्षी एटोलियात हलक्या भालाफेक्यांनी रानात त्याच्या होप्लाइटांची वाताहत केली होती. १२० चांगले अथेनियन तिथे गेले होते. मग बेटाच्या कडेला जेवण करायला उतरलेल्या एका सैनिकाच्या हातून चुकून आग लागली, वारा सुटला आणि बहुतेक झाडी जळून गेली. तेव्हा कुठे त्याला आत किती माणसं आहेत आणि कुठे उतरायचं ते दिसलं. टेबलावर हे असं मांडावं : झाडी उभी असेपर्यंत स्पार्टाच्या तुकड्या कागदावर लिहून झाकून ठेवायच्या, झाडी जळाली की उघड करायच्या. मात्र जळलेल्या जमिनीवर चाल केली की राख उडते, नजर आखडते. त्या दिवशी स्पार्टनांना समोरचं दिसेना आणि आरडाओरड्यात स्वतःचे हुकूमही ऐकू येईनात, हे थ्युसिडिडीज मुद्दाम सांगतो.

आता सैन्यं. पहाटेपूर्वी अथेन्सचे ८०० होप्लाइट बेटाच्या दोन्ही बाजूंनी उतरले आणि सुमारे ३० जणांचं पहिलं ठाणं झोपेतच कापून काढलं. उजाडल्यावर ८०० धनुर्धारी, तितकेच पेल्टास्ट म्हणजे हलक्या ढालीचे भालाफेके, पायलॉसला असलेले मेसेनियाचे लोक, आणि सत्तरहून अधिक जहाजांवरचे, तळाच्या बाकावरचे सोडून बाकी सगळे वल्हेकरी उतरले. ट्रायरीमवर १७० वल्हेकरी : वरच्या ओळीत ६२, मधल्या आणि तळाच्या ओळीत प्रत्येकी ५४. तळाचे वगळले तर जहाजामागे ११६, आणि सत्तर जहाजांचे ८,१२०. एका बाहुलीमागे दहा माणसं धरली तर स्पार्टाच्या होप्लाइटांच्या ४२ बाहुल्या आणि नुसत्या वल्हेकऱ्यांच्या ८१२! कोणी रंगवायच्या आणि कुठे ठेवायच्या? इथे लिहिणाऱ्याची खरी कसोटी लागते. माझा उपाय असा, की वल्हेकरी बाहुल्यांनी दाखवूच नयेत. टेबलावरच्या प्रत्येक उंचवट्यावर अथेन्सने एक खूण ठेवावी. ज्या उंचवट्यावर खूण, त्याच्या टप्प्यात आलेल्या स्पार्टन तुकडीला दर फेरीला दगडांचा मार आणि हुकूम ऐकण्यात अडचण. डेमोस्थेनीसने आपले लोक दोनशे-दोनशेच्या टोळ्यांत उंच जागी पसरले होते ते यासाठीच.

आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम : अथेन्सच्या होप्लाइटांनी भिडायचं नाही. त्या दिवशी ते जागेवर उभे राहिले. स्पार्टन त्यांच्यावर चालून जात, तोवर दोन्ही बगलांतून आणि पाठीमागून बाण, भाले, दगड येत. पाठलाग करावा तर हलके लोक पळून जात, वळावं तर पुन्हा अंगावर येत. गुणांच्या यादीत होप्लाइट महाग आणि धनुर्धारी स्वस्त असतो. या टेबलावर महागड्या तुकडीचं काम फक्त उभं राहणं आहे, आणि लढाई स्वस्त माणसं जिंकतात. मुलांनी हा प्रसंग एकदा खेळला की 'भारी' तुकडी म्हणजे काय, याबद्दलच्या त्यांच्या कल्पना बदलतील.

स्पार्टन मागे हटत उत्तरेच्या जुन्या गढीत शिरले आणि तिथे दिवसभर टिकले. अखेर मेसेनियाचा एक म्होरक्या काही धनुर्धारी आणि हलकी माणसं घेऊन कड्यांवरून, रखवाली नसलेल्या वाटेने त्यांच्या पाठीमागे चढला. त्यांचा सेनानायक एपिटाडास पडला होता, दुसरा मेल्यात जमा होता. तिसऱ्या क्रमांकाच्या स्टिफॉनने पैलतीरावर विचारणा केली. उत्तर आलं, की तुमचं तुम्ही ठरवा, फक्त नामुष्कीचं काही करू नका. त्यांनी शस्त्रं ठेवली. ४२० पैकी २९२ जिवंत पकडले गेले, त्यांत सुमारे १२० पूर्ण नागरिक स्पार्टन होते.

म्हणून या प्रसंगात विजयाचे गुण उलटे ठेवावे लागतात. मेलेल्या स्पार्टनाचा अथेन्सला एक गुण, पकडलेल्याचा तीन. इतर बहुतेक डावांत शत्रू संपवणं हेच ध्येय असतं. इथे धनुर्धारी थांबवायचे कधी आणि शरणागती मागायची कधी, हा निर्णय अथेन्सच्या खेळाडूला घ्यावा लागतो. बढाई मारून पायलॉसला आलेला क्लिऑन आणि डेमोस्थेनीस यांनी नेमक्या वेळी मारा थांबवला, म्हणून ते कैदी मिळाले. ॲटिकावर, म्हणजे अथेन्सच्या मुलखावर, स्वारी झाली तर कैद्यांना ठार करू, अशी धमकी अथेन्सने दिली आणि दरवर्षीच्या स्वाऱ्या थांबल्या. इ.स.पू. ४२१ च्या तहामागे या माणसांना सोडवण्याची स्पार्टाची ओढ मोठं कारण होती. त्या दिवशी जिंकलेल्या ढालींपैकी एक कोरीव अक्षरांसह अथेन्सच्या आगोरा संग्रहालयात आजही पाहायला मिळते.

प्रश्न : स्पार्टनांच्या सगळ्या ढाली एकसारख्या आणि अथेन्सच्या सगळ्या एकसारख्या रंगवायच्या का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : अथेन्सच्या तरी एकसारख्या रंगवू नका. डेलियमला त्यांनी आपल्याच माणसांना ओळखलं नाही. सगळ्यांच्या ढालींवर एकच चिन्ह असतं तर हे घडणं अवघड होतं. प्रत्येकाच्या ढालीवर वेगळं चित्र असू द्या, रंगवायलाही ते अधिक आनंदाचं. स्पार्टनांना तांबडं वस्त्र द्या. आणि सिनेमात दिसते तशी उघडी छाती कुणालाच नको.

प्रश्न : आरमाराशिवाय हे युद्ध अपुरं. पण टेबलावर समुद्र कसा खेळायचा?
– एक निवृत्त नौसैनिक, कारवार

उत्तर : वाऱ्यापासून सुरुवात करा. इ.स.पू. ४२९ मध्ये कोरिंथच्या आखाताच्या तोंडाशी अथेन्सच्या फॉर्मिओकडे २० जहाजं होती, समोर शत्रूची ४७. त्या ४७ जहाजांनी नाळी बाहेरच्या बाजूला करून गोल रिंगण केलं, हलकी जहाजं मध्ये घेतली. फॉर्मिओ त्यांच्याभोवती अगदी घासून फिरत राहिला, रिंगण आकसत गेलं, आणि पहाटे आखातातून सुटणारा वारा येताच त्यांची जहाजं एकमेकांवर आदळू लागली. तेव्हा त्याने हल्ला केला आणि १२ जहाजं धरली. तुम्ही समुद्रावर आयुष्य काढलं आहे, तेव्हा वारा कधी येणार हे ठाऊक असणं म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. नियमात वारा फाशावर सोडावा, पण अथेन्सच्या खेळाडूला तो फासा एक फेरी आधी गुपचूप पाहू द्यावा. खलाशांचा सराव दाखवायला मला यापेक्षा चांगली युक्ती सापडलेली नाही. १९८७ साली पाण्यात उतरवलेल्या 'ऑलिंपियास' या ट्रायरीमच्या प्रतिकृतीवर ज्यांनी वल्ही मारली, त्यांनाही १७० जणांचा ताल जमवणं अवघड गेलं होतं.

प्रश्न : याच युद्धात मेलॉसच्या पुरुषांची कत्तल झाली, बायका-मुलं गुलाम म्हणून विकली गेली. अशा गोष्टींचा खेळ करणं बरोबर आहे का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : कत्तलीचा खेळ करणं बरोबर नाही. ती गाळणंही बरोबर नाही. मेलॉसला तटाबाहेर सैनिक मांडून 'वेढा जिंका' असा प्रसंग मी लिहिणार नाही. पण मोहिमेच्या नियमांत शरण आलेल्या शहराचं काय करायचं, हा प्रश्न खेळाडूला विचारलाच पाहिजे, आणि उत्तराची किंमत त्याला मोजावी लागली पाहिजे.

ही किंमत कोणती, हे इ.स.पू. ४२७ च्या मिटिलिनी प्रकरणात दिसतं. बंड करणाऱ्या त्या शहरातले सगळे प्रौढ पुरुष मारायचे, असं अथेन्सच्या सभेने ठरवलं आणि जहाज पाठवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा भरली. डायोडोटस नावाच्या वक्त्याने दयेची भाषा न करता हिशेबाची भाषा केली : शरण आलं तरी मरणच असेल, तर पुढचं बंडखोर शहर शेवटच्या माणसापर्यंत लढेल, वेढा लांबेल, खर्च आपल्यावर पडेल आणि हाती उद्ध्वस्त शहर येईल. थोड्या मतांनी निर्णय फिरला. दुसरं जहाज सुटलं. वल्हेकऱ्यांनी वल्ही मारतामारताच दारू आणि तेलात कालवलेलं जवाचं पीठ खाल्लं, आळीपाळीने झोप घेतली. पहिल्या जहाजाने आणलेला हुकूम वाचून झाला होता, तेवढ्यात ते पोचलं. शहर वाचलं. तरीही बंडाचे म्होरके म्हणून हजारावर माणसं मारली गेली, हे त्याच पानावर लिहिलं पाहिजे.

डायोडोटसचं म्हणणं जसंच्या तसं नियमात येतं : एका शहराशी निष्ठुर वागलात तर त्यापुढे प्रत्येक वेढ्याला जादा महिने आणि जादा टॅलंट. खेळाडूला पोटिडियाचे २,००० टॅलंट आठवतील. हेलॉटांनाही पुरवणीत नुसते 'नोकर-चाकर' म्हणून एका ओळीत उरकू नये. स्पार्टाचा सेनापती ब्रासिडास याने इ.स.पू. ४२४ मध्ये उत्तरेकडे नेलेल्या सैन्यात होप्लाइट म्हणून सजवलेले ७०० हेलॉट होते. ते परतल्यावर त्यांना स्वातंत्र्य मिळालं. आणि त्याच थ्युसिडिडीजने सुमारे २,००० पराक्रमी हेलॉटांना स्वातंत्र्याची लालूच दाखवून नाहीसं केल्याचंही लिहिलं आहे. दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी छापाव्यात.

प्रश्न : थ्युसिडिडीजचा इतिहास इ.स.पू. ४११ मध्येच तुटतो, असं वाचलं. मग पुरवणी कुठे संपवावी?
– एक ग्रंथपाल, कोल्हापूर

उत्तर : ४०४ पर्यंत न्यावीच. पुढचा धागा झेनोफॉनने उचलला आहे. शेवटची वर्षं अर्धवट सोडली तर स्पार्टा इराणच्या पैशावर आरमार बांधून अथेन्सला समुद्रावरच हरवते, हा सगळा पालट हातातून निसटतो. पहिल्या उत्तरातल्या वहीत इथे स्पार्टाच्या बाजूलाही टॅलंट जमा होऊ लागतात. मार्क हर्मन यांनी १९९१ साली या युद्धावर एकट्याने खेळायचा एक खेळ केला. त्यात खेळाडू जिंकू लागला की त्याला बाजू बदलावी लागू शकते. अथेन्सहून स्पार्टाकडे, तिथून इराणी सुभेदाराकडे आणि पुन्हा अथेन्सकडे गेलेला अल्सिबायडीस ज्या युद्धात आहे, त्याला हे शोभून दिसतं. हा ग्रंथ नसून खेळ असला, तरी मुलांनी तो मिळवून पाहावा.

शेवटचा प्रसंग मात्र विचारपूर्वक रचावा लागेल. इ.स.पू. ४०५ मध्ये एगोस्पोटामीला लढाई अशी झालीच नाही. अथेन्सची १८० जहाजं उघड्या किनाऱ्यावर होती. बाजारहाट पंधरा स्टेडिया, म्हणजे पावणेतीन किलोमीटरच्या आसपास, दूर सेस्टॉसला. चार दिवस ती रोज पलीकडच्या किनाऱ्यावरच्या स्पार्टाच्या सेनापतीला, लायसँडरला, आव्हान देत आली, तो बाहेर पडला नाही, आणि दरवेळी परतल्यावर अथेन्सचे खलाशी जेवणाच्या शोधात पांगत. तळ हलवा असं सांगायला आलेल्या अल्सिबायडीसला सेनापतींनी हाकलून दिलं. पाचव्या दिवशी, खलाशी पांगलेले असताना, लायसँडर आला. अथेन्सचा सेनापती कॉनॉन नऊ जहाजं घेऊन निसटला, बाकी जवळपास सगळी किनाऱ्यावरच सापडली.

हे आरमारी झुंज म्हणून मांडलं तर अथेन्सच्या खेळाडूला करण्यासारखं काहीच उरत नाही. म्हणून डाव पहिल्या दिवसापासून सुरू करा. दर संध्याकाळी अथेन्सच्या खेळाडूने प्रत्येक जहाजाबद्दल गुपचूप लिहायचं : खलाशी जहाजाजवळच ठेवायचे, जवळपास पाठवायचे की सेस्टॉसपर्यंत जाऊ द्यायचे. जवळ ठेवले तर उपाशी, दुसऱ्या दिवशी वल्ह्यांचा वेग घटतो. लांब पाठवले तर वेग टिकतो, पण परतायला वेळ लागतो. लायसँडरच्या खेळाडूने दिवस निवडायचा आणि तोही आधी लिहून ठेवायचा. सहाव्या दिवसापर्यंत तो आला नाही तर त्याचा पैसा संपला असं धरा आणि अथेन्सला विजयी घोषित करा. खलाशांच्या चिठ्ठ्या रोज नव्या लिहायच्या, कालची चिठ्ठी आज चालणार नाही.